सुट्या चाकांची कैफियत : विमान कंपन्यांच्या व्यवस्थापकांस खुले पत्र

अंबड, जि. जालना

देशांतर्गत विमान वाहतूक करणाऱ्या सर्व कंपन्यांच्या सन्माननीय व्यवस्थापकांस,



ज्याने महसूल खात्यात उमेदीची सारी वर्षे बारनिशी, आवक-जावक आणि वरिष्ठांचे शेरे यांच्या सान्निध्यात घालवली, त्याला एक खोड कायमची जडते. ती अशी की, कोणी नकार दिला असता तो कोणत्या परिपत्रकाच्या आधारे दिला, हे विचारल्यावाचून त्याला राहवत नाही. सेवानिवृत्तीनंतर ही खोड जाण्याऐवजी, वेळ मोकळा मिळाल्यामुळे, अधिकच बळावते. आपल्या विमानांतून लेकराबाळांकडे जाणे-येणे करताना सामान ओढण्यासाठी माझ्याजवळ एक लहानशी घडीची गाडी असते. तिच्याविषयी विमानतळावरील आपल्या खिडक्यांवर कधी ‘चालेल’ असे उत्तर मिळते आणि कधी ‘चालणार नाही’ असे. पण यांपैकी कोणत्याच उत्तराला कागदाचा आधार असल्याचे मला आजवर आढळले नाही. सबब हे पत्र लिहिण्याचे योजिले. कोणा एका कंपनीवर किंवा कर्मचाऱ्यावर फिर्याद गुदरण्याचा माझा हेतू नाही. ज्या मुलामुलींना आपण खिडकीवर बसवता, त्यांच्या हाती या बाबतीत काही लेखी दिलेलेच नसेल, तर त्यांनी प्रसंग पाहून निकाल द्यावा यात त्यांचा दोष तो काय?

प्रथम ही वस्तू कशी असते ते सांगणे प्राप्त आहे, कारण आपल्यापैकी पुष्कळांना ‘गाडी’ म्हटल्याबरोबर रेल्वे फलाटावरचा हातगाडा डोळ्यांपुढे येण्याचा संभव आहे. अॅल्युमिनियमच्या दोन नळ्या, एकीच्या पोटात दुसरी सरकणारी. वरच्या टोकाला रबरी मूठ. खालच्या टोकाला बिजागरीवर बसवलेला, वीतभर रुंदीचा एक पाट. आणि पाटाच्या दोन्ही बाजूंस तळहाताएवढी दोन चाके. पाट वर उचलून नळ्यांना टेकवला की चाकेही आपोआप आत वळून चपटी बसतात, मूठ दाबली की नळ्या खाली सरकतात, आणि मघाशी ज्या वस्तूवर पंचवीस किलोंचे ओझे उभे होते ती चार बोटे जाडीची होऊन काखेत मावते. तिचे वजन दीड-दोन किलोंच्या आतबाहेर. जालन्याच्या बाजारात ती ‘फोल्डिंग ट्रॉली’ या नावाने मिळते. औषधांच्या पेट्या घेऊन गावोगाव हिंडणारे प्रतिनिधी आणि ज्यांच्या मनगटांत आता पूर्वीचा जोर राहिलेला नाही अशी माझ्यासारखी माणसे ती विकत घेतात. तिच्यात ना विजेरी, ना धार, ना टोक.

आता कोणी म्हणेल की, चाकांची तयार बॅग मिळत असताना हा उपद्व्याप कशाला? या प्रश्नाचे उत्तर अंबडच्या भूगोलात आहे. अंबडला रेल्वे नाही. निजाम सरकारच्या अमदानीत हैदराबाद-गोदावरी खोऱ्याचा लोहमार्ग १९०० साली मनमाडपर्यंत गेला तो जालन्यावरून गेला, आणि आमचा परगणा बाजूला राहिला. विमान गाठायचे तर एस.टी.ने जालन्याला, अथवा पाचोडमार्गे छत्रपती संभाजीनगरकडे, आणि तेथून रिक्षाने चिकलठाण्याचा विमानतळ. घरापासून बसस्थानकापर्यंतचा रस्ता कोठे उखडलेला, कोठे खडी पसरलेला, पावसाळ्यात चिखलाचा. अशा रस्त्यावर तयार बॅगेची ती सुपारीएवढी चाके दहा पावलांत माती धरतात आणि अखेरीस बॅगच उचलावी लागते. शिवाय हाती नेण्याच्या आकाराची चाकांची बॅग रिकामीच अडीच-तीन किलो भरते. हाती नेण्यास मुभा असलेल्या सात किलोंतून ते वजन वजा केले म्हणजे प्रवाशाच्या वाट्याला उरते काय, याचा हिशेब आपल्या लेखापालांनी एकदा मांडून पाहावा. माझी कापडी पिशवी पाव किलोचीही नाही. तिच्यात औषधे, चष्म्याची घरे, एक धाबळी, नातवंडांसाठी कुरडया, आणि हंगाम असेल तर भौगोलिक मानांकन मिळवलेली आमच्या जालना जिल्ह्याची मोसंबी, असा ऐवज राहतो. ती पिशवी गाडीवर बांधली की रस्ता कसाही असो, वृद्ध माणूस कोणाच्या मिनतवारीशिवाय चालू लागतो.

एस.टी.च्या वाहकाने या गाडीबद्दल आजवर अवाक्षर काढलेले नाही. घडी घालून ती चालकाच्या पाठीमागे उभी केली की त्याच्या लेखी तो विषय संपतो. रेल्वेत तर प्रश्नच नाही, तेथे द्वितीय वर्गाच्या प्रवाशालाही पस्तीस किलो आणि शयनयानाच्या प्रवाशाला चाळीस किलो सामान विनामूल्य नेण्याची मुभा आहे, आणि फलाटावर लाल सदरा व दंडावर पितळी बिल्ला लावलेला हमाल उभा असतो. विमानतळावर बिल्ल्याचा हमाल नसतो. विमानतळाची मोठी ढकलगाडी असते, ती विनामूल्य असते आणि उत्तमही असते, हे मी कृतज्ञतेने नमूद करतो. परंतु ती सुरक्षा तपासणीच्या अलीकडे सोडून द्यावी लागते. पलीकडे काही ठिकाणी लहान ढकलगाड्या ठेवलेल्या असतात, काही ठिकाणी नसतात. दिल्लीचे तिसरे टर्मिनल किंवा मुंबईचे दुसरे, यांसारख्या प्रचंड वास्तूंत तपासणीच्या दारापासून विमानाच्या दारापर्यंतचे अंतर केवढे असते ते आपण जाणता. तेथेही विमान इमारतीला चिकटून लागले तर नशीब, नाही तर बस, मग शिडी, मग उतरल्यावर पुन्हा शिडी आणि पुन्हा बस.

चाकांच्या बाबतीत एक इतिहास येथे सांगण्यासारखा आहे. १९७० साली अमेरिकेतील बर्नार्ड सॅडो नावाच्या, पेट्यांच्याच धंद्यातील गृहस्थांना, सहकुटुंब सहलीवरून परतत असता, दोन जड पेट्यांसह तपासणीच्या रांगेत उभे राहावे लागले. समोरून एक कामगार अवजड यंत्र चाकांच्या फळीवर ठेवून सहज ढकलत नेत होता. ते पाहून पेटीलाच चाके का लावू नयेत, हा विचार त्यांच्या मनात आला. १९७२ साली त्यांना त्याचे पेटंट मिळाले. दुकानदारांनी आधी तोंडे फिरवली, पुरुष मंडळी आपली पेटी ओढत नेणार नाहीत असा त्यांचा समज होता. पुढे १९८७ साली रॉबर्ट प्लाथ या वैमानिकाने पेटी उभी करून तिला दोन चाके आणि आत सरकणारा दांडा बसवला. आज आपल्या हवाई सेविका ज्या बॅगा ओढत ऐटीने जातात त्यांचा मूळपुरुष तो. या दोन तारखांच्या दरम्यानच्या काळात, आणि त्यापूर्वीही, पेटीवर दोरीने बांधायची सुटी घडीची गाडी हेच कित्येक प्रवाशांचे आणि हवाई कर्मचाऱ्यांचेही साधन होते. म्हणजे ज्या वस्तूला आज आपल्या खिडकीवर ‘हे काय आणलेत?’ असे विचारले जाते, ती आपल्याच व्यवसायाच्या अंगणात वाढलेली आहे.

माझी मुख्य तक्रार या इतिहासातूनच निघते. तीच दोन चाके, तोच सरकणारा दांडा, तीच मूठ बॅगेला शिवलेली असली म्हणजे तो एक नग. आणि तीच सुटी करून घडी घालून हातात धरली म्हणजे तो दुसरा नग! एकूण वजन तितकेच, किंबहुना कमी, जागाही कमी, पण शिलाई सुटली एवढ्या कारणावरून वस्तूची जात बदलते, आणि प्रवाशाला एक तर तिकिटाच्या वर पैसे भरून ती खाली पोटात टाकावी लागते, नाही तर विमानतळावरच सोडून द्यावी लागते. एका परतीच्या प्रवासात माझ्यावर हाच प्रसंग आला. जाताना जी गाडी त्याच कंपनीने विनातक्रार आत घेतली होती, तिच्याबद्दल येताना खिडकीवरच्या मुलीने आधी मान हलवली, मग शेजारच्या सहकाऱ्याला विचारले, त्याने ‘घेऊन जाऊ द्या’ म्हटले, आणि प्रत्यक्ष विमानाच्या दरवाज्याशी उभ्या असलेल्या तिसऱ्या गृहस्थांनी ती ‘जादा नग’ ठरवून बाजूला काढली. कोणत्या नियमाने, असे मी विचारले. ‘पॉलिसी आहे’, असे उत्तर मिळाले. ती पॉलिसी मला वाचायला मिळावी अशी विनंती केली, तेव्हा पाठीमागची रांग खोळंबली असल्याचे माझ्या निदर्शनास आणून देण्यात आले. ते खरेच होते, आणि मी मुकाट्याने बाजूला झालो.

घरी आल्यावर, जुन्या सवयीने, मी दप्तर धुंडाळले. नागरी विमान सुरक्षा ब्यूरोने २००० साली काढलेल्या परिपत्रकांनी देशांतर्गत प्रवाशाला हाती एकच बॅग नेण्याचा नियम घालून दिला, आणि त्या बॅगेखेरीज आणखी काय नेता येईल याची एक यादी दिली. ती यादी मला फार माणुसकीची वाटते. स्त्रियांची पर्स, ओव्हरकोट किंवा ब्लँकेट, कॅमेरा किंवा दुर्बीण, वाटेत वाचण्यापुरती पुस्तके, घडीची छत्री, हातातील काठी, तान्ह्या बाळाचा आहार आणि त्याची टोपली, आणि ज्यांना गरज आहे अशांची घडीची चाकाची खुर्ची व कुबड्या. यादी करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एक हाडामांसाचा प्रवासी उभा होता, हे तीतील प्रत्येक शब्दावरून दिसते. त्याला थंडी वाजेल, त्याचे बाळ रडेल, त्याचा पाय लटपटेल, इतकेच नव्हे तर त्याला दुर्बिणीतून काही पाहावेसे वाटेल, इथपर्यंत विचार झालेला आहे. फक्त एक गोष्ट त्या भल्या माणसाच्या ध्यानात आली नाही, ती ही की प्रवाशाला चालता येत असूनही उचलता येत नाही, असे घडू शकते. मी आमच्या गावच्या मत्स्योदरी देवीच्या टेकडीच्या पायऱ्या आजही सावकाश पण कोणाचा हात न धरता चढतो. माझे पाय शाबूत आहेत. उजव्या खांद्याने मात्र दगा दिला आहे, आणि डॉक्टरांनी वजन उचलण्यास सक्त मनाई केली आहे. काठी पायाला आधार देते म्हणून ती यादीत आहे. गाडी खांद्याला आधार देते, तिने काय अपराध केला?

आपल्या बाजूचे आक्षेप मी ऐकलेले आहेत आणि त्यांतील काही मला मान्यही आहेत. एकशेऐंशी आसनांच्या विमानात प्रत्येकाने एकेक गाडी आणली तर डोक्यावरच्या कप्प्यांत बॅगा मावणार नाहीत, असे आपण म्हणाल. प्रत्येकजण आणणार नाही, हे तर उघडच आहे, कारण ज्याचा खांदा धड आहे तो ही कटकट मागे लावून घेईलच कशाला. आणि जे आणतील त्यांच्या गाडीची घडी पुढच्या आसनाखाली आडवी बसते, तिला कप्प्याची गरज नाही. लहान गावांना जोडणाऱ्या एटीआर विमानांची गोष्ट वेगळी, तेथे कप्पे मुळातच तोकडे असतात, त्यामुळे तेथे अधिक कडक नियम केल्यास माझी हरकत नाही. काही गाड्यांची घडी पंचावन्न सेंटिमीटरांहून लांब होते, त्या व्यापाऱ्यांच्या मालासाठी केलेल्या असतात. त्यांची वकिली मी करीत नाही, त्यांना खाली पाठवावे. हुक असलेल्या लवचिक दोरीबद्दल सुरक्षा कर्मचाऱ्यांनी शंका घेतली तर ती मी रास्तच समजतो, आणि त्याऐवजी कापडी पट्टा वापरण्यास कोणाही शहाण्या माणसाची ना असणार नाही. वजनाचे म्हणाल तर काठीचे वजन आपण बॅगेत धरत नाही, तसे गाडीचेही धरू नये असे माझे मत आहे. पण धरायचेच असेल तर तसे आधी छापून कळवावे, म्हणजे मी चार मोसंबी कमी आणीन.

परंतु ज्या मुद्द्यावर आपण स्वतःच्या हितासाठी विचार करावा, तो चाकाच्या खुर्चीचा आहे. आपल्या देशातून परदेशी जाणाऱ्या कित्येक विमानांत चाकाची खुर्ची मागणाऱ्यांची संख्या इतकी वाढली आहे की तिची व्यवस्था लावता लावता कंपन्यांची दमछाक होते, हे वर्तमानपत्रांतून आपणच सांगत आला आहात. यांपैकी काही मंडळी खरोखर अपंग वा आजारी असतात. त्यांच्याविषयी बोलण्याचा कोणालाच अधिकार नाही. पण उरलेल्यांपैकी पुष्कळजण खुर्ची का मागतात, याची चौकशी कोणी केली आहे काय? अमेरिकेतल्या लेकीच्या बाळंतपणाला निघालेली आमच्या बाजूची एखादी मावशी इंग्रजी येत नाही म्हणून खुर्ची मागते. कोणते दार, कोणता मजला, हे कळत नाही म्हणून मागते. आणि हातातली सात किलोंची पिशवी एवढ्या लांब कशी न्यायची या धास्तीने मागते. पहिल्या दोन कारणांवर इलाज करणे आपल्याला कठीण जाईल. तिसऱ्यावरचा इलाज दोन किलोंचा आहे आणि तो ती स्वखर्चाने घेऊन आलेली असते. तो आपण तिच्या हातून काढून घेता, आणि मग तिच्यासाठी एक खुर्ची व ती ढकलणारा एक माणूस आपल्या खर्चाने उभा करता. जी बाई गावी शेतावर जाऊन येते, तिला खुर्चीत बसवून भरल्या गर्दीतून ढकलत नेताना तिच्या चेहऱ्यावर जो संकोच दिसतो, तो मी पाहिलेला आहे. चालता येणाऱ्याला चालू देण्यात त्याचीही अब्रू राहते आणि आपलाही पैसा वाचतो.

नियम बदलता येत नाहीत, असेही आपण म्हणू नये. नारळ हाती नेण्यास आपल्याकडे मनाई असते. तरीसुद्धा शबरीमलेच्या यात्रेकरूंना इरुमुडीतील, म्हणजे पूजेच्या गाठोड्यातील, नारळ विमानात जवळ बाळगता यावा, म्हणून याच ब्यूरोने २०२४ च्या ऑक्टोबरात, २० जानेवारी २०२५ पर्यंतच्या मुदतीची, खास सवलत दिली, आणि तपासणी करून ते नारळ विमानात गेलेही. भाविकांची अडचण कळताच कागद हलला, याचे मला मनापासून कौतुक वाटते. आमचा अंबडचा परगणा एके काळी होळकरांच्या अमलाखाली होता, आणि अहिल्याबाईंनी काशीपासून रामेश्वरापर्यंत यात्रेकरूंसाठी घाट, विहिरी आणि धर्मशाळा उभारल्या हे सर्वश्रुत आहे. तेव्हा प्रवाशाची सोय पाहणे हे राज्यकर्त्यांचे आणि धनिकांचे कर्तव्य आहे, असे मानण्याची आम्हाला वंशपरंपरेने सवय आहे. याच मुलखात पुढे, १९४५ साली, निजाम सरकार आणि टाटा यांनी मिळून डेक्कन एअरवेज काढली व १९५३ च्या राष्ट्रीयीकरणात ती विलीन झाली. त्या काळी विमानात बसणारे जहागीरदार आणि बडे अंमलदार असत, त्यांचे सामान उचलायला नोकर असत. आता सरकारनेच ‘उडान’ योजनेत, साध्या चपला घालणाऱ्या माणसाने विमानात बसावे, अशी इच्छा प्रकट केलेली आहे. तो माणूस बसलाही. त्याच्याबरोबर नोकर नाही, एवढे फक्त ध्यानात घ्यावे.

तेव्हा विनंती अशी आहे. घडी घातल्यावर आपल्या हातबॅगेच्या मापात बसणारी, विजेरी नसलेली, सामान ओढण्याची गाडी हा स्वतंत्र नग धरायचा की नाही, याचा निर्णय आपण सर्वांनी मिळून एकदाच करावा आणि तो तिकिटावर, जेथे सात किलो आणि पंधरा किलो असे आकडे छापता तेथेच, एका ओळीत छापावा. साठ वर्षांवरील प्रवाशांपुरती जरी ही मुभा दिली तरी निम्मे काम होईल. आत नेणे अगदीच गैरसोयीचे वाटत असेल, तर तान्ह्या मुलांच्या घडीच्या गाड्यांबाबत अनेक कंपन्या जे करतात ते करावे. विमानाच्या दाराशी चिठ्ठी लावून ती ताब्यात घ्यावी आणि उतरल्यावर दाराशीच परत द्यावी, सामानाच्या पट्ट्यावर नव्हे, कारण दारापासून पट्ट्यापर्यंतच तर तिची गरज असते. सुरक्षा ब्यूरोकडे त्या जुन्या यादीत ‘काठी’ या नोंदीशेजारी आणखी एक नोंद वाढवण्याची शिफारस आपल्यापैकी एकाने जरी केली, तरी ती मान्य होण्यासारखी आहे असे, अशा याद्यांची मखलाशी जन्मभर केलेल्या माणसाच्या नात्याने, मला वाटते. आणि खिडकीवरच्या मुलामुलींना त्या निर्णयाची एक प्रत द्यावी. ‘पॉलिसी आहे’ म्हणणाऱ्याने ती पॉलिसी दाखवावी, एवढी अपेक्षा ज्या देशात साधा फेरफार करतानाही तलाठ्याला नोटीस काढावी लागते तेथे फाजील ठरू नये.

निर्णय माझ्याविरुद्ध गेला तरी मी तो मानीन. तो सर्व खिडक्यांवर एकच असावा आणि लेखी असावा, एवढ्यावर माझे समाधान आहे. दिवाळीला बाहेरगावी मुलांकडे जाणारी आमच्या गावातील बरीच वृद्ध मंडळी दसऱ्याच्या आगेमागे तिकिटे काढतात. त्यापूर्वी उत्तर मिळाल्यास त्यांना गाडी घ्यावी की घरी ठेवावी हे ठरवता येईल.



आपला नम्र,
एक सेवानिवृत्त अव्वल कारकून,
अंबड